गाईडबाईंच्या लोणकढ्या आणि खोरानांचं रायपूर

रायपूरच्या तेलीबांध्याहून तुमचा निवृत्त कर्नल पुन्हा हजर आहे. गेल्या काही भागांत दारूगोळा, सीमा, शिस्त असलं जड जड बोलून झालं. बेळगावच्या एका काकूंनी निरोप धाडला, "कर्नलसाहेब, एकदा तरी हसवा." हुकूम शिरसावंद्य. म्हणून आजचा विषय थापा.

खोटं नव्हे हं, थापा. मराठीत त्याला फार सुरेख शब्द आहे, लोणकढी थाप. ताजं लोणी कढवून काढलेलं तूप जसं खमंग आणि निर्भेळ, तशी ही थाप. तिच्यात सत्याची भेसळ जवळपास नसते आणि ती सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही.

पलटणीत अशा थापा नेहमी वरच्या साहेबाबद्दल असतात. माझ्या पहिल्या सीओ साहेबांबद्दल लंगरात एक लान्स नायक रोज नवी सोडायचा. साहेब नकाशा बघत नाहीत, साहेब आले की नकाशाच आपल्या टेकड्या सरळ करून सावधान होतो. उंचावरच्या ठाण्यात बर्फ पडायचा तर आधी अ‍ॅडज्युटंटकडे अर्ज यायचा. एकदा वादळात मेसचा तंबू उडाला, साहेबांनी मान वर न करता हुकूम दिला, "जैसे थे!" आणि तंबू दऱ्या ओलांडून मुकाट्याने खुंट्यांवर येऊन बसला. ज्यांनी कवायत केली आहे त्यांना "जैसे थे"ची गंमत वेगळी सांगायला नको. साहेबांना हे सगळं ठाऊक होतं. बडाखान्याच्या रात्री त्यांनी त्या लान्स नायकाला बोलावून नवी थाप सगळ्यांसमोर सांगायला लावली.

आता यातलं खरं काय? एवढंच की साहेब नकाशा वाचण्यात खरोखर पटाईत होते. रात्री, धुक्यात, टॉर्चशिवाय ते आम्हांला जागेवर न्यायचे. थापेच्या पोटात खऱ्याचा एवढासा दाणा असतो. तो दाणा शोधायचा, हीच आजची कवायत.

मला हे सुचलं माझ्या भाचीमुळे. ती पुण्यात एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करते. विषय संश्लेषी जीवशास्त्र, ज्याला सगळे सिंथेटिक बायॉलॉजीच म्हणतात. मी साधा इतिहासाचा बी. ए., त्यामुळे तिने मला समजावलं तसंच मी तुम्हांला सांगतो. इंजिनिअर जसे सुटे भाग जुळवून रेडिओ बांधतात, तसे हे लोक जनुकांचे सुटे भाग जुळवून जिवंत पेशीकडून ठरलेलं काम करून घेतात. अमुक रसायन समोर आलं की चमक, तमुक आलं की विझ. २००० सालच्या जानेवारीत एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एकात जंतूच्या पेटीत बसवलेलं चालू-बंद बटण होतं, दुसऱ्यात ठरावीक काळाने लुकलुकणारं जंतूंचं घड्याळ. या विद्येची बाराखडी तिथून सुरू झाली असं मानतात.

या मुलांच्या आयुष्यात सीओच्या जागी असतो गाईड. बाहेर कुणी त्याला सुपरवायझर म्हणत असेल, आपल्याकडे गाईडच. पुढची पाच-सहा वर्षं, फेलोशिपच्या कागदावरची सही, प्रबंधाची मान्यता, सगळं त्या एका माणसाच्या हातात. भाचीच्या गाईड बाई आहेत, मुलं त्यांना मॅडम म्हणतात. आणि रात्री अकराला जंतू वाढायची वाट बघत बसलेली ही मुलं मॅडमवर थापा रचतात. वाट बघणं हा प्रयोगशाळेचा आणि फौजेचा समान धर्म आहे. रिकामं डोकं आणि जागं राहायची सक्ती, लोणी यातच कढतं.

पहिली ऐका. "मॅडम पीसीआर मशीन वापरत नाहीत, मामा. त्या डीएनएकडे नुसतं बघतात. तो घाबरून दुप्पट होतो."

मी हसलो, पण अर्ध्यावर. पीसीआर म्हटलं की मला नाकात घातलेली कोरोनाची काडी आठवते. मग तिने सांगितलं. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक माळ, दोन पदरी. ती तापवली, साधारण ९५ अंशांपर्यंत, की दोन पदर सुटतात. थोडी थंड केली की हव्या त्या तुकड्याच्या दोन टोकांना छोटे, मुद्दाम बनवलेले तुकडे चिकटतात. मग एक एन्झाइम त्या टोकापासून समोरचा पदर विणत जातं. एकाचे दोन झाले. पुन्हा तापवा, दोनाचे चार. तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे शंभर कोटींहून जास्त होतात. बुद्धिबळाच्या पटावर धान्य मागणाऱ्या शहाण्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली, तोच हिशोब. म्हणजे मॅडमची थाप शास्त्राला धरूनच आहे. डीएनए दुप्पटच होतो, फक्त भीतीने नाही, उष्णतेने.

दुसरी. "मॅडमनी एकदा ई. कोलायला विचारलं, काम झालं का? वीस मिनिटांनी उत्तर द्यायला दोघे उभे." ई. कोलाय हा आपल्या आतड्यातला जंतू, प्रयोगशाळेचा हरकाम्या शिपाई. चांगलं खायला आणि ऊब मिळाली तर तो साधारण वीस मिनिटांत दोन होतो. इथे थाप जवळजवळ नाहीच, नुसता अहवाल आहे.

तिसरी मला सगळ्यांत आवडते. "आमच्या लॅबमध्ये उत्क्रांतीला लेखी परवानगी लागते. मॅडमची सही नसेल तर एकही म्युटेशन होत नाही."

ही थाप दुःखातून आली आहे, कारण खरी परिस्थिती नेमकी उलटी असते. समजा तुम्ही जंतूच्या अंगात एक नवं यंत्र बसवलंत. ते चालवायला त्याची शक्ती खर्च होते. मी याला पिठ्ठूचा हिशोब म्हणतो. लांबच्या कूचमध्ये प्रत्येक जवानाच्या पाठीवर सारखंच ओझं असतं. पण एखादा बेरकी रात्री दोन जड वस्तू हळूच झुडपात टाकतो आणि दुसऱ्या दिवशी तोच सगळ्यांच्या पुढे चालतो. जंतूंतही असंच. लाखांत एखाद्याच्या डीएनएत नक्कल करताना चूक होते आणि तुमचं यंत्र बिघडतं. त्याचं ओझं उतरलं, तो इतरांपेक्षा लवकर दुप्पट होतो, त्याची पिल्लंही तशीच हलकी. काही दिवसांत अख्खा चंबू बेरक्यांनी भरतो. जवानाला पकडून सुभेदार मेजर फैलावर घेईल. जंतूला कोण घेणार? तिथे बेरकेपणालाच बढती मिळते. भाचीची एकदा तीन महिन्यांची मेहनत अशी गेली. त्या रात्री तिने ही थाप रचली.

फ्रीझरच्याही थापा आहेत, उणे ८० अंशांचा फ्रीझर मॅडमना बघून घामाघूम होतो वगैरे. त्या सोडून देऊ, त्यात दम नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. वोल्फगांग पाउली नावाचे मोठे भौतिकशास्त्रज्ञ होते, निव्वळ कागद-पेन्सिलवाले. त्यांच्याबद्दल सहकारी सांगायचे की ते प्रयोगशाळेत शिरले की उपकरण फुटतं. एकदा ग्योटिंगेनला एक उपकरण बिघडलं आणि पाउली तर शहरात नव्हते. चौकशी केली तेव्हा म्हणे कळलं की त्याच वेळी त्यांची गाडी ग्योटिंगेनच्या स्टेशनात उभी होती! त्याला पाउली परिणाम असं नाव पडलं. आणि ज्यांनी पीसीआर शोधला ते कॅरी मलिस तर स्वतःच थापा मारण्यात कुणाला हार जाणारे नव्हते. १९९८च्या आत्मकथनात त्यांनी लिहिलंय की जंगलातल्या त्यांच्या केबिनजवळ रात्री त्यांना एक चमकणारा रॅकून भेटला आणि त्याने त्यांना डॉक्टर म्हणून नमस्कार केला. आता हा माणूस नोबेलविजेता. हसावं की लिहून घ्यावं, कळत नाही.

आता कवायतीचा दुसरा भाग. मी तुम्हांला काही गोष्टी सांगतो, त्या थापा वाटतील, पण त्या खऱ्या आहेत.

अमेरिकेतल्या रॉबर्ट हॉली यांना एका अगदी छोट्या रेणूची अक्षरं वाचायची होती. पेशीत प्रथिनं बनतात तेव्हा अ‍ॅलनिन नावाची वीट वाहून आणणारा तो हमाल. फक्त ७७ अक्षरांचा. तो शुद्ध रूपात एक ग्रॅम मिळवायला त्यांनी सुमारे १४० किलो यीस्ट पिळून काढलं. १४० किलो! आमच्या पलटणीच्या लंगरात एवढ्या यीस्टचे पाव किती झाले असते, हा विचार माझ्या मनात पहिल्यांदा आला. अनेक वर्षं खपून १९६५ साली त्यांनी ती अक्षरं जाहीर केली. हे ७७ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

क्रेग व्हेंटर यांच्या चमूने २०१० साली एका जंतूचा संपूर्ण डीएनए, दहा लाखांहून जास्त अक्षरांचा, रसायनांपासून जुळवला आणि तो दुसऱ्या जातीच्या जंतूत घालून चालवला. काम मध्येच अडकलं होतं. कारण निघालं एक अक्षर. दहा लाखांत एक अक्षर गळलं होतं आणि तेही जगण्याला आवश्यक अशा जनुकात. हा डीएनए आपलाच आहे हे ओळखता यावं म्हणून त्यांनी त्यात सांकेतिक लिपीत काही मजकूर लिहून ठेवला. सहकाऱ्यांची नावं, एक ईमेल पत्ता आणि थोरामोठ्यांची वचनं. मग जेम्स जॉइस यांच्या वारसांकडून पत्र आलं, आमची परवानगी का नाही घेतलीत? आणि रिचर्ड फाइनमन यांचं वचन चुकीचं उतरवलंय म्हणून कॅल्टेकहून त्यांच्या फळ्याचा फोटोच आला. म्हणजे जंतूच्या पोटात मुद्रणदोष! शुद्धिपत्र काढायचं ते कुठे?

आणि बस्तरच्या लोकांना जवळची गोष्ट. मलेरियावरचं आज जगभर चालणारं औषध आर्टेमिसिनिन. त्याचा उगम फौजी आहे. व्हिएतनामच्या जंगलात सैनिक गोळीपेक्षा मलेरियाने जास्त आडवे पडू लागले, तेव्हा चीनमध्ये २३ मे १९६७ रोजी एक गुप्त मोहीम सुरू झाली, तिचं नाव तारखेवरूनच ५२३. त्यातून तू यूयू यांनी जुन्या वैद्यकग्रंथांचा आधार घेत एका झुडपातून हे द्रव्य काढलं. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. पण झुडूप शेतात वाढणार, पीक कमीजास्त, भाव वरखाली. कॅलिफोर्नियातल्या जे कीसलिंग यांच्या लोकांनी त्या झुडपाची जनुकं यीस्टमध्ये बसवली आणि २००६ साली यीस्टने त्या औषधाचा कच्चा माल बनवून दाखवला. पाव फुगवणाऱ्या बुरशीने मलेरियाचं औषध! पुढे एका लिटरमागे २५ ग्रॅमपर्यंत मजल गेली आणि कारखानाही निघाला. मात्र झुडपाच्या मालाचा भाव एवढा पडला की यीस्टला बाजारात झुडपाची जागा घेता आली नाही. मला हा शेवटही सांगायला आवडतो. नाहीतर विज्ञानाच्या गोष्टी लोक जाहिरातीसारख्या सांगतात, अर्ध्यावर सोडून.

आता येतो तेलीबांध्याकडे. इथे तलावाला फेरी मारणारा आमचा म्हाताऱ्यांचा एक कंपू आहे. मराठी, छत्तीसगढी, सिंधी, पंजाबी, सगळे. आम्ही मराठी लोक या भागात नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मुरलेलो, त्यामुळे घरात मराठी, तलावावर हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. तर या कंपूत मध्यंतरी मोबाइलवर एक मजकूर फिरला. कृत्रिम जनुक बनवणारे जगातले पहिले शास्त्रज्ञ, नोबेलविजेते डॉ. हरगोविंद खोराना हे आपल्या रायपूरचे सुपुत्र! खाली तिरंगा, हात जोडलेले, फुलं.

मंडळी, हीदेखील एका प्रयोगशाळेच्या प्रमुखाबद्दलची थापच आहे. पण ही लोणकढी नाही, डालडा आहे. ती तुपाच्या डब्यात घालून विकली जाते. "मॅडमना बघून डीएनए दुप्पट होतो" हे ऐकून कुणी पाठ्यपुस्तकात लिहायला जाणार नाही. हे मात्र लोक लिहितात.

आमच्याच वसाहतीतली नववीतली एक मुलगी गेल्या पावसाळ्यात एका प्रश्नमंजूषेत उतरली. प्रश्न आला, खोरानांचं जन्मस्थान. तिने उत्तर दिलं, रायपूर, जे आज पाकिस्तानात आहे. परीक्षकांच्या कागदावर होतं, रायपूर, छत्तीसगढ. गुण गेला आणि त्या एका गुणाने पहिला नंबर गेला. मी आयोजकांना भेटलो. ते सज्जन होते, चहा दिला आणि म्हणाले की निकाल लागून गेला, आता काय? शिवाय एक जण हळूच म्हणाले, "कर्नलसाहेब, आपल्या गावाचं नाव होतंय, तुम्हांला त्रास काय?" मुलीने घरी आल्यावर मला विचारलं, "आजोबा, पुढच्या वेळी मी त्यांचंच उत्तर लिहू का?"

त्रास हा आहे.

ते दुसरं रायपूर कसलं होतं, ते ऐका. फाळणीपूर्व पंजाबात, मुलतानच्या बाजूला, जेमतेम शंभर वस्तीचं खेडं. वडील गणपतराय पटवारी, म्हणजे आपले तलाठी. गावात लिहितं-वाचतं म्हणावं असं बहुधा हे एकच कुटुंब. पहिली काही वर्षं शाळा झाडाखाली. सकाळी लवकर उठून कुणाच्या घरातून धूर निघतोय ते बघायचं आणि तिथून चूल पेटवायला निखारा मागून आणायचा, हे या पोराचं काम. आमच्या छत्तीसगढच्या कितीतरी गावांत जुने लोक असंच निखारे मागायचे, म्हणून मला ही आठवण फार भिडते. पुढे मुलतानची डी. ए. व्ही. शाळा, मग लाहोर. स्वभाव इतका लाजाळू की प्रवेशाच्या मुलाखतीलाच गेले नाहीत असं सांगतात, तरी रसायनवाल्यांनी घेतलं.

१९४५ साली सरकारी शिष्यवृत्ती मिळाली ती कीटकनाशकं आणि बुरशीनाशकं शिकायला. इंग्लंडात पोचल्यावर त्यांना धाडण्यात आलं लिव्हरपूलला, सेंद्रिय रसायन शिकायला. माझे फौजी मित्र इथे हसतील. स्वयंपाकी म्हणून भरती झालेला माणूस सिग्नलमध्ये जातो, ही आपली रीत. पण या एका चुकीच्या पोस्टिंगवर जगाचं फार भलं झालं. पीएच.डी. १९४८ साली झाली. मग झुरिकला व्लादिमीर प्रेलॉग यांच्या हाताखाली, तेही पगाराशिवाय. त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवलंय की त्या काळात ते प्रयोगशाळेतच राहायचे आणि दूधभातावर दिवस काढायचे. ही गोष्ट एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या गाईडबद्दल सांगितली असती तर मी लोणकढी म्हणून सोडून दिली असती.

दरम्यान फाळणी झाली. रायपूर पलीकडे गेलं, कुटुंब निर्वासित होऊन दिल्लीत आलं. १९४९ साली खोराना भारतात परतले, पण त्यांच्या शिक्षणाजोगी नोकरी मिळाली नाही. पुन्हा इंग्लंड, केंब्रिज. १९५२ साली कॅनडात व्हँकुव्हर, १९६० साली अमेरिकेत विस्कॉन्सिन, १९७० साली एमआयटी. आपल्या रायपूरचे सुपुत्र म्हणणाऱ्या मजकुरात हे काहीच नसतं. सुटलेलं गाव नाही, निर्वासित आईबाप नाहीत, न मिळालेली नोकरी नाही. एका खोट्या विशेषणाने माणसाची निम्मी कहाणी पुसून टाकली. आणि ज्या देशाने १९६९ साली पद्मविभूषण दिलं त्याच देशाने वीस वर्षांपूर्वी त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं, हा हिशोब कुणाला द्यावाच लागत नाही.

आता त्यांनी केलं काय? दोन मोठी कामं, आणि दोन्ही समजायला अवघड नाहीत.

पहिलं काम संकेत उलगडण्याचं. डीएनएचा हुकूम आधी आरएनए नावाच्या निरोप्यावर उतरतो. या निरोपातली तीन अक्षरं मिळून एक शब्द, आणि बहुतेक प्रत्येक शब्द म्हणजे प्रथिनाच्या भिंतीतली कोणती वीट घ्यायची त्याचा हुकूम. चार अक्षरांचे तीन-तीनचे ६४ शब्द होतात, विटा फक्त २०. कोणता शब्द कुठल्या विटेचा? पहिला शब्द १९६१ साली नीरेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत उकलला. खोरानांनी काय केलं, ठरावीक अक्षरं पुन्हा पुन्हा येणारा निरोप हाताने बनवला. यू-सी-यू-सी-यू-सी असा. कवायतीत "बायां-दायां-बायां-दायां" चालू असताना तीन-तीन आवाजांचे गट पाडून बघा. पहिला गट बायां-दायां-बायां, दुसरा दायां-बायां-दायां, तिसरा पुन्हा पहिल्यासारखा. म्हणजे दोनच शब्द, आळीपाळीने. पेशीच्या रसात हा निरोप टाकला तर प्रथिनही आळीपाळीने दोनच विटांचं बनायला हवं. तसंच बनलं, सेरिन, ल्यूसिन, सेरिन, ल्यूसिन. शब्द तीन अक्षरांचाच असतो यावरही शिक्का बसला. अशा अनेक निरोपांतून कोश पुरा होत गेला आणि १९६८ साली नीरेनबर्ग आणि खोराना यांच्याबरोबर नोबेलचे तिसरे मानकरी कोण? तेच, १४० किलो यीस्टवाले हॉली.

दुसरं काम त्या ७७ अक्षरांचं. हॉलींनी वाचलेल्या त्या हमालाचं जनुक खोरानांच्या चमूने बाटल्यांमधल्या रसायनांपासून बांधायला घेतलं. आज हव्या त्या अक्षरांचा तुकडा कंपनीकडून मागवला की काही दिवसांत पाकीट घरी येतं, भाची तर किराण्यासारखी यादी पाठवते. तेव्हा एकेक अक्षर हाताने जोडायचं, दर जोडणीनंतर चुकीचा माल गाळायचा, पुन्हा पुढचं अक्षर. असे पंधरा छोटे तुकडे केले. विटांच्या भिंतीत सांधा सांध्यावर येऊ देत नाहीत, तसे दोन पदरांतले तुकडे एकमेकांवर अर्धे सरकवून बसवले आणि जोडणाऱ्या एन्झाइमने सांधे बुजवले. १९७० साली जनुक तयार झालं. मात्र ते जिवंत पेशीत काम करेल अशी सोय त्यात नव्हती. तशी सोय असलेलं दुसरं, दोनशेहून जास्त अक्षरांचं जनुक १९७६ साली जंतूत चालून दाखवलं. संश्लेषी जीवशास्त्र हे नाव घेऊन आज जे काही चालतं, त्याचा पाया या बाटल्यांत आहे.

आणि मॅडमच्या पहिल्या थापेचा धागाही इथेच येऊन मिळतो. खोरानांच्या चमूत नॉर्वेचे क्येल क्लेप्पे होते. त्यांच्यासह १९७१ साली लिहिलेल्या एका निबंधात, दोन्ही टोकांना छोटे तुकडे चिकटवून डीएनएच्या नकला वाढवत नेता येतील, हा विचार मांडलेला आहे. पुढे तो मागे पडला. मलिस यांना १९८३ साली तीच गोष्ट स्वतंत्रपणे सुचली, त्यांनी ती चालवून दाखवली आणि १९९३ साली नोबेल घेतलं. त्यांच्या कंपनीने त्यांना दहा हजार डॉलर बक्षीस दिलं आणि पुढे पीसीआरचे हक्क तीस कोटी डॉलरना विकले. ही थाप असती तर लान्स नायकालासुद्धा आकडे जास्त वाटले असते. खोरानांच्याच चमूतले मार्विन कॅरूदर्स यांनी पुढे अक्षरं जोडण्याची अशी सुटसुटीत पद्धत काढली की ते काम यंत्रावर टाकता आलं. भाचीचं पाकीट घरी येतं ते त्यामुळे.

भाचीने मला १९७०च्या त्या निबंधाचं पहिलं पान छापून दिलं. मी ते त्या नववीतल्या मुलीला दाखवलं. लेखकांची तेरा नावं आहेत. फौजेतला माणूस यादी बघितली की आधी क्रम बघतो, सीओ कुठे, टूआयसी कुठे. प्रयोगशाळांत साहेबाचं नाव बहुधा शेवटी मानाच्या जागी असतं असं भाची सांगते. इथे यादी आहे इंग्रजी अक्षरक्रमाने. अगरवाल, ब्युखी, कॅरूदर्स, गुप्ता, आणि मग पाचवे खोराना. त्यांच्यामागे क्लेप्पे, कुमार, ओत्सुका, राजभंडारी, वान दे सांदे, स्गारामेला, वेबर, यामादा. नॉर्वेचा, जपानचा, नेपाळचा, आपल्याकडचे, सगळे एका रांगेत आणि दोन वर्षांपूर्वी नोबेल मिळालेला साहेब लंगरात थाळी घेऊन पाचव्या नंबरावर उभा.

मुलगी बराच वेळ ते पान बघत होती. मग तिने वहीत तेराही नावं उतरवून घेतली आणि विचारलं, यातले राजभंडारी कुठले? मी म्हटलं, काठमांडूचे. तिने तेही लिहिलं.

पुढच्या भागात आपल्या या रायपूरच्या एका खऱ्या साहेबांविषयी, डॉ. रिछारिया आणि त्यांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या भाताच्या हजारो वाणांविषयी बोलू. तोवर रजा द्या.